मधला पंप

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एका शर्यतीत इंजिनापर्यंत पेट्रोल पुरेसं न पोचल्याने माझ्या गाडीचं इंजिन तापून जळलं. नवं बसवलं, पण त्यानंतर मी अ‍ॅक्सिलरेटर कधी पूर्ण दाबलाच नाही. मित्रांना म्हणायचो, गाडी जपतोय. खरं म्हणजे माझी टरकली होती.

शेवटी त्या नव्या इंजिनासाठी, टाकीतून पेट्रोल पोचवणारा पंप घ्यायला अंधेरीच्या दुकानात गेलो आणि सरळ सगळ्यात मोठा मागितला. शेजारी साठीची एक बाई स्वतःच्या टर्बो गाडीचे स्पार्क प्लग उजेडात धरून पाहत होती. बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या.

"इंजिनातून किती ताकद काढतोस रे?" तिने विचारलं. मी सांगितलं.

"मग एवढा पंप कशाला, मेल्या? लग्नाची पंगत वाढायचीय काय? जास्तीचं पेट्रोल टाकीत परत जायला वाट पुरणार नाही, सिग्नलला गाडी गुदमरेल." तिने मधला पंप माझ्यापुढे सरकवला. "हा घे. वायर मात्र जाड टाक, पंपाला वीज कमी पडायला नको." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "घाबरलेला माणूस नेहमी मोठाच पंप मागतो."

ते लागलं मला. मधला पंप घेतला आणि तोंड फिरवून निघालो.

पुढच्या शर्यतीत सरळ पट्टा आला, तेव्हा माझा पाय पार तळाला टेकला. गाडी कुठेही अडखळली नाही. हेल्मेटच्या आत मी एकटाच "झकास! झकास!" असा ओरडत होतो. त्या दिवशी मला कुणी गाठू शकलं नाही.

त्या बाईचे आभार मी मानले नव्हते. ते अजून मानायचे आहेत.