नरसव्वा मावशींचं बरोबर उत्तर

नरसव्वा मावशींना मी अख्ख्या सोलापूरसमोर खोटं पाडलं होतं.

काल त्या गेल्या.

आमच्या कॉलेजचा छोटा कम्युनिटी रेडिओ आहे. रेंज जेमतेम शहरापुरती. त्यावर दर रविवारी सकाळी अकराला प्रश्नमंजुषा लागते. मी फर्स्ट इयरला आलो त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे, आजही चालू आहे. स्टुडिओतून प्रश्न विचारायचा, लोकांनी फोन करून उत्तर द्यायचं. वर्षातून एकदा फायनल.

मी तीन वर्षं तिथे होस्ट होतो.

नरसव्वा मावशी पूर्व भागातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात कांडी भरायच्या, म्हणजे मागाला लागणारं सूत छोट्या नळीवर गुंडाळायच्या. घरात तेलुगू. शाळा सातवीपर्यंत. कारखान्यात फळीवर रेडिओ असायचा, तो ऐकून फोन करायच्या.

फोनमध्ये यंत्रमागांची खडखड एवढी की मी दर वेळी म्हणायचो, "मावशी, जरा बाहेर येऊन बोला ना."

"आले की बाहेर. रस्त्यावर हाय मी. हितंपण तेच ऐकू येतंय, काय करू?"

आणि उत्तर बरोबर.

नद्या, राजधान्या, कुठल्या प्राण्याला किती पोटं. मुलांची जुनी पुस्तकं वाचायच्या. भजी बांधून आलेला कागदसुद्धा वाचून मग टाकायच्या, असं एकदा त्यांनीच ऑन एअर सांगितलं होतं.

त्या वर्षी त्या फायनलला पोचल्या. समोर एक इंजिनिअरिंगचा मुलगा. दोघांचे गुण सारखे झाले. शेवटचा एक प्रश्न, फक्त मावशींना. बरोबर आलं तर त्या जिंकणार, नाहीतर तो.

प्रश्न मी काढला होता.

"कापडातल्या आडव्या धाग्याला काय म्हणतात?"

त्या हसल्या. "बाणा."

माझ्या कार्डावर लिहिलं होतं, ताणा.

मी मंगळवेढ्याचा. ज्वारीतलं विचारा, सांगतो. मागातलं मला काही कळत नव्हतं. पुस्तकातून उतरवून घेताना मी उलटं लिहिलं होतं.

"चूक, मावशी."

"चूक कसं? बाणाच की. उभा असतो तो ताणा. आडवा बाणा. तोच तर भरते मी कांडीत, तीस वर्षं झाली."

त्यांच्या आवाजावरूनच कळलं होतं, ही बाई खरं बोलतेय.

पण लाईव्ह होतं. काचेपलीकडे रेडिओ सांभाळणाऱ्या आमच्या मॅडम घड्याळ दाखवत होत्या.

मी म्हणालो, "मावशी, आमचा निर्णय अंतिम असतो."

त्या पुढे काहीतरी बोलत होत्या. मी कॉल कट केला.

दुसऱ्या दिवशी हॉस्टेलवर माझ्या रूममेटने, त्याच्या घरचे चार माग होते, मला सरळ विचारलं, "येडा हायस का रे तू?"

मी मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, "बक्षीस देऊन झालं. आता कशाला उकरून काढतोस?"

खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं.

मावशींचा फोन पुन्हा कधी आला नाही. लोक विचारायचे, नरसव्वा मावशी कुठे गेल्या हो? मी ऑन एअर हसत सांगायचो, "बिझी असतील!"

मग पुणे, नोकरी, लग्न. बारा वर्षं.

गेल्या महिन्यात गावी आलो होतो, तेव्हा पत्ता काढून सोलापुरात त्यांच्या घरी गेलो. छातीच्या आजाराने पार खंगल्या होत्या. कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या.

मी नाव सांगितलं. ओळखलं नाही. मग म्हणालो, "रेडिओवरचा."

तेव्हा ओळख पटली.

"मावशी, तुमचं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती."

"म्हाईत हाय की मला."

दम लागत होता. थांबून थांबून बोलल्या.

"त्या दिवशी मालकानं सगळे माग बंद ठेवले होते. माझं ऐकायला. आमचे ह्ये पण तितंच कामाला. तू चूक म्हणला आणि सगळे हसले. ह्ये म्हणले, रेडिओवाले काय येडे हायेत व्हय? हिलाच हातातलं काम कळंना, निघाली जगाचं सांगायला."

"तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"सांगितलं की. ते स्वतः माग चालवायचे, त्यांना म्हाईत नव्हतं व्हय? पण रेडिओवर आलं ना. मग घरात मी काय पण बोलले की ह्यांचं तेच. तू गप, तुला ताणा-बाणा कळत न्हाय. जाईपर्यंत तेच म्हणले."

नवरा जाऊन चार वर्षं झाली होती.

मी म्हणालो, "मी रेडिओवर जाहीर सांगतो. माझ्या तोंडाने."

"सांग की," त्या म्हणाल्या. "पण आता कुणाला?"

मी त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय मागे घेतला नाही, डोक्यावर हातही ठेवला नाही.

रेडिओच्या मुलांशी बोललो. ती लगेच तयार झाली. या रविवारीच सांगा म्हणाली. मीच म्हणालो, नको, फायनलला सांगू, जास्त लोक ऐकतील.

फायनल पुढच्या महिन्यात आहे.

काल रेडिओच्या मुलांचा फोन आला, मावशी गेल्या. पुण्याहून निघालो, पोचेपर्यंत त्यांना नेऊन झालं होतं. घरात बायका तेलुगूत हळू बोलत होत्या. सून दारात आली. मी कोण ते सांगितलं.

ती म्हणाली, "तुमीच का ते?"

खुर्ची दिली. पाणी दिलं. मला ते पाणी पिववलं नाही.

फायनलला मी जाणार आहे, सांगणारही आहे. पण आज इथे लिहितोय, कारण आणखी एक दिवस थांबायची माझी लायकी नाही.

नरसव्वा मावशी, तुम्ही बरोबर होतात. मला ते तेव्हाच कळलं होतं.

तुम्हाला अखेरचा नमस्कार.