कोरड्या तळ्यातली मधली फळी

तळ्यातलं पाणी आटलं तरी गाळ मागं राहतो. आमच्या टीमच्या किश्शांचं तसंच आहे. चौघी कुठं भेटल्या की एक जण म्हणते, "ते सांग की," आणि मग बसची वेळ टळते.

टीम म्हणजे आमच्या गावच्या मुलींची फुटबॉल टीम. गाव तामलवाडीच्या अलीकडं. तळं म्हणजे दुष्काळी कामावर खोदलेला पाझर तलाव. बांध झाला, सांडवा झाला, पाणी तेवढं आलं नाही. मी सोलापूरहून बी.ए. होऊन आले होते, बरोबर एक फुटबॉल होता, आणि या पोरींनी जन्मभर खडी फोडू नये असं डोक्यात पक्कं बसलं होतं. एवढी सपाट जागा रिकामी बघून मला राहवेना. वाट बघणं मला जमतच नाही. दुसऱ्या दिवशी टीम तयार!

* * *

पहिल्याच दिवशी मी बॉल उंच उडवला. सुमननं तो हातात झेलला, वळून शांताला दिला, शांतानं पुढचीला. बॉल हातोहात थेट बांधापर्यंत गेला.

त्यांचं चुकलं नव्हतं. कामावर मातीची घमेली अशीच जायची. बायकांची रांग, आणि सुमन कायम मधोमध. उजवीकडून घ्यायचं, वळायचं, डावीकडं द्यायचं.

"हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"मंग पडू द्यायचं?" सुमनला पटेना. "ताई, खाली पडलं तर मुकादम हजेरी कापतो."

शेवटी दोन्ही हातांत ओढणीची टोकं धरून सराव केला. शांता म्हणाली, "लग्नात बी एवढा पदर सांभाळावा लागत न्हाय."

सुमनला मी मधल्या फळीत उभी केली. वळायला तिला शिकवावं लागलं नाही.

* * *

संध्याकाळी सराव संपला की आम्ही तळ्याच्या तळाशी उताण्या पडायचो. बांधाच्या भिंतीवर चुन्याची रेघ होती. तळं भरलं की पाणी तिथवर येणार होतं. ऊन त्या रेघेवरून सरकत जायचं.

"तेवढं पानी आत्ता आपल्या डोक्यावर हाय," सुमन वर बघत म्हणाली. "वर मासं फिरत्यात."

"म्हणून तू हळू पळतीस व्हय?" शांता म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी त्यांना सांगितलं, की मोठ्या शहरात एका कंपनीचा मुलींचा संघ आहे. खेळायचा पगार देतात.

"आन् काम काय करायचं?" सुमननं विचारलं.

"खेळायचं. तेच काम."

तिनं त्या रेघेकडं बघितलं. मग उठून बसली.

"पाऊस न्हाय पडला तरी देत्यात?"

"तरी देतात."

त्या दिवसापासून सुमनला दुसरं काही नको होतं.

* * *

आमचा खर्च गावची दूध सोसायटी करायची. चेअरमन तात्यांना फुटबॉलमधलं एकच कळायचं, गोल. गोल मारणारीला ते सोसायटीतलं तांब्याभर दूध द्यायचे. दर वेळी ते शांताला मिळायचं, कारण सुमन बॉल आणून तिच्या पायात ठेवायची.

एकदा शांता भांडली. "तात्या, दूध सुमीला द्या. तिनं दिलं म्हणून म्या मारलं."

तात्या शांतपणे म्हणाले, "पोरी, सोसायटीत दूध घालणाऱ्याचं नाव लागतं. म्हशीचं लागत न्हाय."

मी चिडले, तावातावानं समतेवर बोलायला लागले. सुमन मात्र हसून लोळली. "ऱ्हाऊ द्या ताई. म्या म्हैस तर म्हैस."

घरी जाताना मात्र ती हळूच म्हणाली, "ताई, कंपनीवाले बी गोलच बघत असतील ना?"



* * *

एकदा सोलापूरकडून तुळजापूरला निघालेली यात्रेकरूंची बस बांधाशी तापून थांबली. सगळे खाली उतरून आमचा सराव बघायला लागले. भर उन्हात, कोरड्या तळ्यात पोरी पळताहेत! एक म्हातारी काठी टेकत खाली आली.

"कसला नवस गं लेकींनो? पावसाचा?"

"न्हाय आजी," सुमन म्हणाली. "नोकरीचा."

आजींनी बॉल मागून घेतला, त्याला हळद-कुंकू लावलं, डोकं टेकवलं आणि परत दिला. पुढं अर्धा तास बॉलला कुणी लाथ मारेना. शेवटी सुमननंच आधी पाया पडून मारला.

* * *

आता तो दिवस. कंपनीच्या संघाच्या कोचबाई खेळाडू निवडायला स्वतः आमच्या तळ्यावर आल्या. संघात जागा एकच होती. समोर सोलापूरची टीम. आदल्या दिवशी शांतानं सगळ्यांना बजावलं होतं, "उद्या गोल सुमीचाच. दुसरीनं मारला तर माझ्याशी गाठ हाय." तिलाही ती नोकरी हवी होती, हे आम्हाला ठाऊक होतं.

खेळ संपत आला तरी गोल नाही. मग सुमननं दोघींना चुकवून बॉल शांताच्या पायात ठेवला. गोलकीपर आडवी पडली होती. जाळी मोकळी. शांता थांबली, आणि तिनं बॉल सुमनला परत दिला.

सुमननं घेतला, वळली, डावीकडं दिला. सवयच ती. डावीकडचीनं परत सुमनला दिला. ती वळली, उजवीकडं दिला. पुन्हा सुमन. मोकळ्या गोलसमोर बॉल घमेल्यासारखा फिरत राहिला. सोलापूरच्या पोरीही थबकून बघत राहिल्या. उन्हं उतरली होती, धूळ सोनेरी होऊन वर तरंगत होती आणि सगळं त्या रेघेखाली, खोल पाण्यात चालल्यासारखं वाटत होतं.

पडल्या पडल्या गोलकीपर म्हणाली, "बायांनो, मारा की एकदाचा. म्या किती येळ पडून ऱ्हाऊ?"

कोचबाई खुर्चीतून उठल्या. त्यांची नजर बॉलवरून हलत नव्हती.

"ही मधली मला द्या," त्या म्हणाल्या.

मी तोंड उघडायच्या आत चेअरमन तात्या पुढं झाले. टोपी काढून हातात घेतली.

"न्या बाई. पण आधीच सांगून ठेवतो, ती म्हैस हाय. दूध दुसऱ्याच्याच नावावर लागंल."