कोरडी उचकी की ओली?

मामी आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी गावात नवऱ्याबरोबर पिठाची गिरणी चालवली. नवरा गेला, पुढे गिरणीही विकली आणि त्या शहरात लेकीकडे राहायला आल्या. लेक दिवसभर कामावर. नुसतं भिंतींकडे बघत बसणं मामींच्या स्वभावात नव्हतं. पाण्याचे पंप बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात तक्रारींचे फोन घ्यायला बायका हव्यात, असं कानावर आलं आणि त्या पायांत चपला सरकवून थेट मुलाखतीला हजर झाल्या.

दुसऱ्या मजल्यावर आम्ही सहाजणी बसायचो. खुर्च्या इतक्या जवळ की एकीला उठायचं तर दुसरीने सरकायला हवं. समोर कॉम्प्युटरवर तक्रारीचा फॉर्म. त्यात चार चौकटी: पंप बंद, गळती, आवाज, इतर. खाली दोन ओळी लिहायला जागा. त्याची चिठ्ठी छापून खाली वर्कशॉपमध्ये जायची आणि ती वाचून मेकॅनिक सामान उचलायचे. माझी खुर्ची मामींच्या शेजारीच. त्यामुळे हे सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

पहिल्याच आठवड्यात एकाचा फोन आला. पंपाला काय झालंय हे त्याला सांगता येईना.

"दादा, नुसता कुंथतोय का?" मामींनी विचारलं.

"अगदी बरोबर. कुंथतोय, पण उठत नाही."

मामींनी चिठ्ठीवर तेच लिहिलं. कुंथतो, उठत नाही. मी तोंडावर रुमाल धरला.

मग रोजच सुरू झालं. कुणाचा पंप ओकायचा, कुणाचा दात खायचा, कुणाचा धापा टाकायचा. रोपवाटिका चालवणाऱ्या एका बाई म्हणाल्या की पंप मधूनच उचकी देतो. त्यावर मामींनी अगदी गंभीरपणे विचारलं, "कोरडी उचकी की ओली?" बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "कोरडीच म्हणायची. पाणी कुठे येतंय?"

महिन्याच्या मीटिंगमध्ये मॅडमनी नेमकं त्याच फोनचं रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. वाईट बाई नव्हत्या, पण कारखान्याच्या नावाला जपणाऱ्या. खोलीत हशा पिकला. मीही हसले, हे कबूल करते. मामी हाताची घडी घालून समोर बघत राहिल्या.

"मामी," मॅडम म्हणाल्या, "घरात कसंही बोला. इथे नीट भाषा हवी. पुन्हा असं झालं तर मला लेखी ताकीद द्यावी लागेल."

मामींनी मान हलवली. त्या दिवशी त्या एकट्याच जेवल्या. घरी जाऊन त्यांनी लेकीकडून कागदावर वाक्यं लिहून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तो कागद स्क्रीनला चिकटवला. त्यानंतर त्यांचं बोलणं ऐकवेना.

"आपल्या यंत्रातून असामान्य ध्वनी येत आहे का?"

"काय म्हणालात बाई?" पलीकडून एक म्हातारा. "पंपाबद्दल बोलतोय मी. तिथे कुणी आहे का दुसरं? त्यांना द्या फोन."

लोक फोन ठेवून द्यायला लागले. मामींचा आवाज बारीक होत गेला. एका दुपारी पाण्याच्या माठापाशी त्या मला म्हणाल्या, "गिरणीचा पट्टा कुठे घासतोय हे मला दुसऱ्या खोलीतून कळायचं गं. इथे मात्र मी बावळट ठरले. या महिन्यानंतर सोडून देईन म्हणते."

मी त्यांना पेला भरून दिला. मीसुद्धा हसणाऱ्यांतलीच.

त्याच आठवड्यात वर्कशॉपचे मिस्त्री जिना चढून वर आले. तीस वर्षांत ते वर आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा, त्यावर तेलाची बोटं उमटलेली.

"या चिठ्ठ्या कोण लिहितं?"

मामी उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा पडलेला.

"आधी तुम्ही उचकी, कुंथणं असलं काहीतरी लिहायचात. तेही तुम्हीच ना?"

"चुकलं माझं. आता नाही लिहीत."

"तेच विचारायला आलोय. का नाही लिहीत?" मिस्त्री बाजूच्या स्टुलावर बसले. "कोरडी उचकी म्हटलं की तळातला व्हॉल्व्ह गेला. ओली म्हटलं की पाइपाचा सांधा हवा ओढतोय. नुसता कुंथतोय म्हणजे कपॅसिटर. माणूस एका फेरीत काम करून येतो. आणि हे असामान्य ध्वनी काय आहे? ते वाचून माझी माणसं अख्खं वर्कशॉप खांद्यावर घेऊन जातात आणि तरी हात हलवत परत येतात."

काचेच्या केबिनमधून मॅडम बाहेर आल्या होत्या. त्यांनी चिठ्ठ्या घेतल्या, उभ्या उभ्याच चाळल्या. मग स्क्रीनवरचा कागद स्वतःच्या हाताने काढला.

"पंधरा दिवस तुमच्या पद्धतीने करा," त्या म्हणाल्या. "मग बघू."

ते पंधरा दिवस अगदी सुरळीत गेले असंही नाही. एकीने पंप रडतोय म्हणून सांगितलं. मामींच्या गावात पाणी गळालं की पंप रडतो. त्या बाईच्या गावात चिरका आवाज आला की रडतो. मेकॅनिक गळती थांबवायचं सामान घेऊन गेला आणि बघतो तर बेअरिंग ओरडतंय. मामींनी मिस्त्रींना स्वतः फोन करून चूक सांगितली. तेव्हापासून त्या विचारायला लागल्या, "रडतो म्हणजे डोळ्यांतून की गळ्यातून?" लोक हसायचे आणि बरोबर उत्तर द्यायचे.

त्याच पंपासाठी दुसऱ्या फेरीला जाणाऱ्या मेकॅनिकच्या गाड्या निम्म्यावर आल्या. मॅडमनी भर मीटिंगमध्ये तो आकडा वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "मागे मी सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून हेही सगळ्यांसमोर सांगते. मामी, माझं चुकलं." मामींना पदर कुठे ठेवू आणि हात कुठे ठेवू असं झालं.

पुढच्या महिन्यात फॉर्ममध्ये चारांऐवजी एकवीस चौकटी आल्या. कुंथतो, ओकतो, दात खातो, सगळं छापील. नवीन मुलींना शिकवायचं कामही मामींकडे आलं.

परवा एक मुलगी रुजू झाली, लांबच्या खेड्यातली. मामी शिकवत होत्या तर ती घाबरतच म्हणाली, "आमच्याकडे पंप डुलकी काढतो असं म्हणतात. चालता चालता आपोआप बंद पडतो, थोड्या वेळाने आपोआप सुरू होतो."

बाकीच्या मुली हसायला लागल्या. मामी हसल्या नाहीत. त्यांनी खाली मिस्त्रींना फोन लावला. "डुलकी काढतो म्हणजे काय असेल हो?" पलीकडचं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि त्या मुलीकडे वळल्या.

"मोटर तापत असणार म्हणतात. मला नव्हता हा शब्द माहीत. ये, इथे बस. बाविसावी चौकट तू सांग, मी लिहून घेते."