दोन नंबर खाली

लग्नानंतरची माझी पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशीण माहेरी गेलीच पाहिजे, नाहीतर आई रिकाम्या झोक्याकडे बघून दिवसभर डोळे पुसते. मला न्यायला रावेरकडच्या आमच्या गावाहून मोठा भाऊ मुऱ्हाळी म्हणून निंबोल्याला आला होता. माझ्या लग्नावर तो आधीच नाराज. माहेर मुंबई राज्यात, सासर मध्य प्रदेशात, आणि नवा मध्य प्रदेश होऊन वर्षही झालं नव्हतं. "हिंदी मुलखात पोर दिली," असं तो गावभर सांगत फिरायचा. मला जसं काही समुद्रापारच धाडलं होतं!

बुऱ्हाणपूरहून दुपारची रेल्वे होती. पण सासरे ऐकतील तर शपथ. "घरची जीप असतांनी सून रेल्वेनं जाईन का?" जीप लढाईतली, लिलावात घेतलेली. तिचं हेड गॅस्केट उडालं होतं, ते राजपुऱ्याच्या मिस्त्रीनं आदल्याच दिवशी नवं बसवून दिलं होतं. सकाळी चालू केली तर फटफट करत अशी हलायला लागली, की मागं ठेवलेली माझी ट्रंक धाडकन अंगणात.

"मिसिंग करते," आमचे हे म्हणाले. सासरे म्हणाले, गॅस्केटच खोटं निघालं. ह्यांनी पेट्रोल गाळून बघितलं, कार्बोरेटर पुसून बघितला. जीप थरथरतच होती. मी नवं लुगडं नेसून ओट्यावर बसलेली. इंजिन चालू आहे तरी बिघडलंय, म्हणजे नक्की काय, ते मला काही केल्या उमगेना. माणूस आजारी पडला तर निजतो तरी!

शेवटी मिस्त्रीला बोलावलं. तो सायकलवर आला तोच चिडून. "गास्किट में खोट नहीं," म्हणत त्यानं इंजिन चालू ठेवूनच प्लगच्या वायरी एकेक उचलायला सुरुवात केली. पहिली उचलली, आवाज बदलला. दुसरी उचलली, काहीच फरक नाही. बाजूला उभ्या माझ्या भावाला तो म्हणाला, "दो नंबर खाली है."

भाऊ पांढऱ्याशुभ्र धोतरानिशी जीपखाली शिरला. आतून आवाज आला, "खाली तं काहीच नाही दिसत, भो!"

सासरे हसून हसून खोकायला लागले. ह्यांनी समजावलं, हिंदीत खाली म्हणजे रिकामं. दुसरं सिलिंडर पेटत नाही, नुसतं रिकामं फिरतंय. मीही हसले. खरं तर मीसुद्धा वाकून जीपच्या खालीच बघितलं होतं. पण भावाला माझंच हसू जिव्हारी लागलं.

तो धोतर झटकत म्हणाला, "ऊठ. रेल्वेले वेळ आहे अजून. या खटाऱ्याच्या भरवशावर आखाजी निघून जाईन." सासऱ्यांचा चेहरा पडला. हे मान खाली घालून प्लग पुसत राहिले, हात कोपरापर्यंत काळे. मला आईही दिसत होती आणि ते हातही. काय करावं कळेना. सासऱ्यांसमोर एरवी तोंड न उघडणारी मी, पदर सावरून बोलून गेले, "थांब ना, भाऊ. आमची जीप होईल नीट."

भाऊ माझ्याकडे बघतच राहिला. आपली म्हटलं असतं तर त्यात तोही आला असता.

गॅस्केट ठीकच होतं. हेड काढताना ओढाताणीत दुसऱ्या प्लगची वायर आतून तुटली होती, वरून धड दिसत होती एवढंच. मिस्त्रीनं दुसरी लावली आणि जीप शहाण्यासारखी चालू झाली. पुढची जागा मुऱ्हाळ्याची, पण भाऊ मुकाट्यानं मागं ट्रंकेशेजारी जाऊन बसला, पाहुण्यासारखा अंग चोरून. वाटभर मला आनंदही होत होता आणि रडूही येत होतं.

दारात आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि भावाला विचारलं, "आणलं रे बहिणीले?"

"मी कुठी आणलं?" तो म्हणाला. "तिनंच आणलं मले, तिच्या जीपमधी."