चारित्र्याचा दाखला

मिरज स्टेशनवर गाडी हलली तेव्हा अण्णा खिडकीच्या गजाला धरून चार पावलं चालले आणि म्हणाले, "परमुलखात शेजाऱ्याला नाही म्हणू नकोस." आई, तू नुसती डोळे पुसत होतीस. केंद्र सरकारच्या नोकरीत माझी दिल्लीला बदली झाली होती. बरोबर नवरा सुधीर आणि पाच वर्षांची मुक्ता. तुम्हा सगळ्यांना वाटलं, दोन-तीन वर्षांत परत येऊ. मलाही तसंच वाटलं होतं.

गाझियाबादच्या नव्या कॉलनीत पहिल्या मजल्यावर घर मिळालं. समोर अजून उसाची शेतं होती आणि त्यांत दर महिन्याला बिल्डरची एखादी नवी पाटी उभी राहायची. आमच्या खाली ओमवीरजी राहायचे. त्यांची जमीन या कॉलनीतच गेली होती. त्या पैशातून मोटार आली, टेलिफोन आला, मग त्यांना बंदूक हवीशी झाली. परवान्याच्या अर्जाला सरकारी अधिकाऱ्याचा चारित्र्याचा दाखला जोडायचा होता. "मैडम, आप तो अपनी हैं. बस एक साइन." मुक्ता तापाने फणफणली तेव्हा याच माणसाने आम्हाला दवाखान्यात नेलं होतं. मी 'शांत, सज्जन गृहस्थ' असं लिहून सही ठोकली, वर शिक्काही मारला. खोटं कशाला सांगू, आसपास चोऱ्या होत होत्या. खाली बंदूक आहे म्हटल्यावर मला झोपही बरी लागायची.

दोन वर्षांनी त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न निघालं. नवरदेव घोडीवर बसायची वेळ झाली आणि मी, आपल्याकडच्या सवयीने, मुक्ताच्या मुठीत अक्षता देऊन तिला गॅलरीत पाठवलं. वरून टाक म्हटलं. इथे वरातीत हवेत गोळ्या झाडतात हे मला ठाऊक होतं, ऑफिसात त्यावर हसलेही होते. ती हवा म्हणजे आमची गॅलरी, एवढंच डोक्यात आलं नाही.

बँड थांबलाच नाही. कोणीतरी ओरडलं, "पटाखा था, पटाखा!" मुक्ताच्या पोलक्याची बाही लाल होत चालली होती आणि ती मूठ उघडायला तयार नव्हती. गोळी तिचा खांदा खरवडून भिंतीत घुसली होती. ओमवीरजी धावत वर आले, तिला उचलून गाडीकडे पळाले. फेटा पडला तरी थांबले नाहीत. बंदूक त्यांची होती. चाप ओढला होता त्यांच्या मेहुण्याने.

मग वाद सुरू झाले. जिन्यात, गच्चीवर, दुधाच्या रांगेत. एकजण म्हणे, दोष दारूचा. सुधीर चिडून म्हणाला, "भाईसाहब, बिना बंदूक का शराबी सिर्फ़ नाचता है." दुसऱ्याचं म्हणणं, परवाने बंद केले तर चोरांकडे पिस्तुलं आणि आपल्याकडे लाठ्या. ऑफिसातली आपली मराठी मंडळी सुस्कारा सोडून म्हणाली, "अगं, इथलं कल्चरच तसं." जणू कल्चरनेच चाप ओढला होता! मला सगळ्यांचा संताप आला, आणि सगळ्यांत जास्त माझा. मी दाखला माणसाचा दिला होता आणि तो खराही होता. पण बंदूक एका सज्जनाच्या हातात थोडीच राहते?

हवालदार वही उघडून आमच्या खोलीत बसला. ओमवीरजी दारात हात जोडून उभे राहिले. "मैडम, पटाखा लिखवा दीजिए. घर की बात है." सुधीर माझ्याकडे बघत होता. खरं सांगितलं तर माझा दाखलाही बाहेर येणार, ऑफिसात चौकशी लागणार. मी म्हटलं, "गोली थी. इन्हीं की बंदूक से. और लाइसेंस के काग़ज़ों में मेरे दस्तख़त हैं."

त्यांचा परवाना गेला, मेहुण्यावर खटला भरला गेला, मला मेमो मिळाला. ओमवीरजी अकरा वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. जिन्यात समोर आले की भिंतीकडे सरकायचे, आणि ते मला फार लागायचं. मिरजेला तुम्हाला आम्ही कळवलं, मुक्ता जिन्यावरून पडली.

परवा ते धाकट्याच्या लग्नाची पत्रिका घेऊन स्वतः वर आले. खाली ठळक छापलं होतं, कृपया शस्त्र आणू नये. "आप आइएगा," एवढंच बोलले. आम्ही गेलो. फटाका वाजला की माझा हात मुक्ताच्या दंडावर जायचा. शेवटी ती वैतागली, "आई, बस ना यार, चल जेवायला."

आई, तू फोनवर अजून विचारतेस, घरी कधी येणार. तिच्या खांद्यावरचा व्रण पडल्याचा नाही, हे आज सांगते आहे. तेव्हा सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, परत या, आणि मला यायचं नव्हतं. तुझ्याशी मी खोटं बोलले, इथे खरं बोलले. माझं घर कुठलं, ते बहुधा त्याच दिवशी ठरलं.