कानानं मैल मोजणारी

बेटावरच्या एकुलत्या वायरलेस सेटसमोर दाएंग कानांग बावीस वर्षं बसत होती. होडीवरच्या माणसाचा आवाज ऐकून होडी किती लांब आहे ते सांगण्यात तिचा हातखंडा. आवाज स्वच्छ म्हणजे होडी जवळ, खरखर वाढली की लांब. तिनं "भात चढवा" म्हटलं की घरोघरी चुली पेटत. बाई शहाणी होती, पण कानाचा ताठा भारी.

त्या सप्टेंबरात वारा साफ पडला होता. समुद्र ताटातल्या तेलासारखा, वर तापलेली धुरकट हवा. तिचा धाकटा भाऊ सिकी मासेमारीला गेला होता. काल सकाळी परतायचा, तो आलाच नव्हता. त्याला शोधायला दोन होड्या डिझेल भरून उभ्या होत्या, तोच सेटवर त्याचा आवाज आला. इतका स्वच्छ की कानांग दचकलीच.

"ताई, इंजिन बंद पडलंय गं. परवा रात्रीपासून प्रवाहात वाहतोय. होड्या पाठव."

"अरे, अंगणात उभा राहिल्यासारखा बोलतोयस! ये की वल्हं मारत."

"बेट दिसत नाहीये कुठंच."

"एवढ्या धुरकटात तुला तुझं नाक तरी दिसतंय का? चल मेल्या आळशा, मी कालवण टाकते."

तिनं हसत होड्या माघारी धाडल्या.

सेटशेजारीच ती मासळी चिरत असताना त्यावर परका आवाज घुमला. कुणीतरी बांगड्याचा भाव पुकारत होतं. बोली समुद्रापलीकडच्या कालीमंतानची. तिथलं बंदर दोन दिवसांच्या वाटेवर, आणि आवाज सिकीइतकाच स्वच्छ! तिनं सुरी टाकून सेट गाठला. वारा पडून हवा तापली की सेटवरचा आवाज पाण्यावरून कुठल्या कुठे जातो, असं म्हातारे तांडेल सांगत. ती त्यांची टर उडवायची.

"सिकी! कुठं आहेस तू? काय दिसतंय?"

"नुसतं पाणी, ताई. प्यायचं मात्र संपत—"

बाहेर झावळ्या सळसळल्या. वारा सुटला होता. सेटमध्ये खरखर तेवढी उरली.

ती अनवाणी किनाऱ्याकडे धावली. "चुकले मी! जवळ नाहीये तो!" कानांग चुकली, हे कानावर पडूनही लोकांना खरं वाटेना. मग सात होड्या सुटल्या.

पाचव्या दिवशी सिकीला आणलं. जिवंत. ओठ फुटलेले, जीभ सुजलेली. चार घोट पोटात गेल्यावर तो बहिणीला म्हणाला, "सांगत होतो ना ताई, बेट दिसत नाही म्हणून."

आता नवऱ्यानं अंगणातून हाक मारली तरी कानांग आधी विचारते, "काय दिसतंय तुम्हाला?"