संदर्भसूचीतल्या दोघी

ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवणारी नंदिनी खोब्रागडे लग्नाआधी रिना रामटेके होती. आडनाव बदलणारच होतं. पण सासरी मोठ्या जाऊबाईंचंही नाव रिनाच. एका घरात दोन रिना कशा चालतील, म्हणून सासूबाई केसरबाईंनी साखरपुड्यातच नंदिनी हे नाव ठरवलं. तिला कोणी विचारलं नाही, आणि तेव्हा तिलाही ते विचारण्यासारखं वाटलं नाही. राजपत्रात नाव छापून आलं, आधारवर आलं, बँकेत आलं.

रिना असताना तिनं पोंभुर्ण्याकडच्या गावांत मोहफुलं वेचणाऱ्या बायकांचा अभ्यास केला होता. त्यावर तिचे लेखही छापून आले होते. आता कायम जागेची मुलाखत जवळ आली आणि नवा निबंध गरजेचा झाला, तेव्हा ती पुन्हा त्याच गावांत गेली, त्याच बायकांना भेटली आणि तेव्हाचं नि आताचं जोडून तिनं निबंध लिहिला.

नियतकालिकाचे नियम कडक होते. संदर्भसूचीत आधी आडनाव, मग आद्याक्षर, कंसात वर्ष, प्रत्येक नोंदीची दुसरी ओळ आत सरकवलेली. तिचे जुने लेख जुन्या फाँटमध्ये होते. फाइल उघडली की अक्षरांच्या जागी नुसता कचरा. छापील प्रत समोर ठेवून तिनं हवे ते उतारे पुन्हा टाइप केले. दुपारी तास संपले की ती स्टाफरूमच्या संगणकापुढे बसे. एक स्वल्पविराम नीट करावा तर खालची ओळ हले. असं करत यादी लागली एकदाची, आणि निबंध गेला.

तो परत आला. बराच मजकूर रामटेके यांच्या लेखांशी जुळतो, शिवाय त्यांच्या कामाला लेखिका ‘माझा आधीचा अभ्यास’ म्हणते, याचा खुलासा करावा, असं संपादकांनी लिहिलं होतं.

तिनं राजपत्राची प्रत जोडून कळवलं, की रामटेके मीच. नियतकालिकाच्या कार्यालयाचं उत्तर आलं, की सूचीत दोन नावं म्हणजे दोन लेखिका. मूळ लेखिकेचं संमतिपत्र जोडावं. जुन्या नावानं निबंध छापावा, तर मुलाखतीत तो धरला जाणार नव्हता. मार्गदर्शक गुणवंतराव म्हणाले, रामटेकेचे संदर्भच काढून टाका. पण ते काढले तर निबंधात उरणार काय? एकदा तिनं वर्डमध्ये ‘रामटेके’ शोधून सगळीकडे ‘खोब्रागडे’ घातलं. क्षणात झालं. मग लक्षात आलं, की खोब्रागडेंनी असे लेख कधी लिहिलेच नाहीत. तिनं ते पूर्ववत केलं.

नवऱ्याला, अश्विनला, तिनं सांगितलं. तो म्हणाला, “पत्र लिहून दे न. एवढं मनाले काऊन लावून राह्यली?”

“मीच मले परवानगी देऊ?”

“त्याइले कागद पायजे. देऊन टाक.”

तिनं पत्र लिहिलं. मी, रिना रामटेके, श्रीमती नंदिनी खोब्रागडे यांना माझ्या लेखांतील मजकूर वापरण्यास संमती देते. सहीपाशी हात थांबला. बँकेतली सही आपोआप आली असती. जुनी काही केल्या जमेना. रद्दी कागदावर गिरवून गिरवून तिनं ती केली, तरी दुसऱ्या कोणी नक्कल केल्यासारखीच दिसत होती. मग निबंधात ‘माझा आधीचा अभ्यास’ होतं तिथे तिनं ‘रामटेके यांचा अभ्यास’ असं केलं. निबंध छापला गेला.

मुलाखतीत एका तज्ज्ञांनी तो वाचलेला होता. रामटेकेंचं काम तुम्ही चांगलं पुढे नेलंत, असं ते म्हणाले, आणि विचारलं, “त्या सध्या काय करतात?”

खरं सांगितलं असतं तर ते संमतिपत्र खोटं ठरलं असतं. नंदिनीनं टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे पाहिलं.

“शिकवतात,” ती म्हणाली.

जागा तिला मिळाली. त्यानंतर तिनं आणखी लिहिलं, आणि रामटेकेंचे संदर्भ त्यातही द्यावे लागले. प्रत्येक वेळी ती लिहिते, रामटेके यांच्या मते. एका निबंधात तर त्यांचं मत तिला खोडून काढावं लागलं, आणि ते लिहिताना तिला स्वतःच्याच माणसाविरुद्ध साक्ष दिल्यासारखं वाटलं.